विद्यार्थी-टिकाव (उच्च शिक्षण)

विद्यार्थी-टिकाव : महाविद्यालयात वा विद्यापीठात प्रवेश घेतलेला विद्यार्थी पदवी मिळेपर्यंत शिक्षणात टिकून राहणे व त्यासाठी संस्थेने केलेली व्यवस्था (पहा : गळती, शैक्षणिक).

विल्यम स्पेडी यांनी 1970 मध्ये एमिल द्यूरकेम यांच्या आत्महत्याविषयक उपपत्तीच्या आधारे गळतीची मीमांसा केली. व्हिन्सेंट टिंटो यांनी 1975 मध्ये तिचा विस्तार केला. घरची पार्श्वभूमी व शालेय तयारी यांखेरीज विद्यार्थी संस्थेच्या शैक्षणिक आणि सामाजिक जीवनात किती मिसळतो, यावर त्याचे टिकणे अवलंबून असते, असे टिंटो यांचे प्रतिमान मानते. विद्यार्थ्याने आपली मूळ संस्कृती मागे टाकावी असे यात गृहीत धरल्याची टीका पुढे झाली. विद्यार्थ्याच्या शिक्षणातील सहभागावर भर देणारी अलेक्झांडर ॲस्टिन यांची सहभाग-उपपत्ती 1984 ची.

पहिल्या वर्षानंतर त्याच संस्थेत परतणाऱ्यांची टक्केवारी हे अमेरिकेतील रूढ माप होय. संस्था बदलणारा विद्यार्थी त्यात गळतीतच धरला जातो. उपायांत प्रवेशोत्तर परिचयवर्ग, समुपदेशन, वसतिगृह व अर्थसाहाय्य येतात. साउथ कॅरोलायना विद्यापीठाने 1972 मध्ये प्रथमवर्षीयांसाठी स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू केला. भारतात नवप्रवेशितांच्या परिचयवर्गासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची ‘दीक्षारंभ’ मार्गदर्शिका 2019 मध्ये आली. महाराष्ट्रात काम करून शिक्षणाचा खर्च भागवण्याची ‘कमवा व शिका’ ही त्याहून कितीतरी जुनी योजना (पहा : पाटील, भाऊराव; रयत शिक्षण संस्था).

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार एका वर्षानंतर प्रमाणपत्र व दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते व पुन्हा प्रवेश घेता येतो. त्यामुळे गळती आणि विराम यांतील सीमारेषा धूसर झाली आहे (पहा : श्रेयांक पद्धती).