फटफटीवाल्याचे डोके

दसऱ्यापाडव्याला दाराशी नवी दुचाकी येते. हँडलला हार पडतो, कुंकवाचे स्वस्तिक उमटते, चाकाखाली लिंबू चिरडते आणि नारळही फुटतो. वाहनाबरोबर आलेले शिरस्त्राण, म्हणजे रोजच्या बोलण्यातले हेल्मेट, मात्र बहुधा खोक्यातच पडून असते. त्याला कुंकवाचे बोट लावायचे कोणाला सुचत नाही. वास्तविक या उपेक्षित वस्तूची कथा वाहनापेक्षा कमी रंजक नाही.

फटफटी आली तेव्हा तिच्या स्वाराच्या डोक्यावर साधी कापडी टोपी असे. इंग्लंडातील ब्रुकलँड्सच्या शर्यतमैदानावर एरिक गार्डनर नावाचे डॉक्टर होते. डोकी फुटलेले शर्यतबाज पाहून पाहून कंटाळलेल्या या गृहस्थांनी कॅनव्हासला लाखेचे थर देऊन एक कडक टोपी करवून घेतली. शर्यती भरवणाऱ्या संस्थेने आधी नाके मुरडली. मग १९१४ साली आइल ऑफ मॅनच्या शर्यतीत तीच टोपी सक्तीची केली. शर्यतीनंतर बेशुद्ध पडलेले चारदोन स्वार दरसाल तेथील डॉक्टरांकडे येत. त्या वर्षी एकही आला नाही, असे गार्डनर सांगत. एवढे झाले तरी शिरस्त्राण हे शर्यतवाल्यांचे लेणे ही समजूत कायम राहिली. टपालात जाणाऱ्याला किंवा भाजी आणणाऱ्याला त्याचे काय काम?

आणि टपालात जाऊन परतणाऱ्याच एका स्वाराने पुढे इतिहास बदलला. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून जगाला ठाऊक असलेला टी. ई. लॉरेन्स कीर्तीला कंटाळून शॉ हे नाव घेऊन हवाई दलात साधा शिपाई झाला होता. त्याच नोकरीत तो १९२७-२८ मध्ये कराचीस आणि मीरामशाहलाही राहून गेला. ब्रफ सुपीरियर जातीच्या दुचाकींचे त्याला विलक्षण वेड. अशा सात दुचाकी त्याने बाळगल्या, आठवीची मागणी नोंदवलेली होती. १३ मे १९३५ रोजी बोव्हिंग्टनच्या टपालकचेरीतून तार करून तो घरी निघाला. वाटेत सायकलवरची दोन मुले अचानक पुढे दिसली. त्यांना चुकवताना तो फेकला गेला. डोके उघडे होते. सहा दिवस तो बेशुद्ध होता आणि १९ मे रोजी, वयाच्या शेचाळिसाव्या वर्षी, गेला.

उपचारांसाठी बोलावलेल्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स हा मेंदूचा शल्यविशारद होता. दक्षिण ऑस्ट्रेलियात जन्मलेला हा माणूस पुढे ऑक्सफर्डला प्राध्यापक झाला. दुसरे महायुद्ध सुरू होताच इंग्लंडातील रस्ते रात्री काळोखात बुडाले आणि लष्कराचे निरोप्ये फटफटीवरून धावू लागले. केर्न्सने हिशेब मांडला : युद्धापूर्वीच्या २१ महिन्यांत दुचाकीवरची १,८८४ माणसे मेली होती, युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत २,२७९. बळींत डोक्याला मार लागलेलेच पुष्कळ. अपघातात सापडलेले पण शिरस्त्राण घातलेले स्वार त्याला त्या वेळी अवघे सात मिळाले, आणि ते सातही जगले होते. सातांवरून सिद्धांत काढता येत नाही हे शास्त्रज्ञाला काय सांगायचे! तरी त्याने १९४१च्या ऑक्टोबरात तो निबंध छापला, आणि पुढच्याच महिन्यात लष्कराने कामावरच्या निरोप्यांना शिरस्त्राण सक्तीचे केले. मग सातांच्या जागी शंभरावर उदाहरणे हाती आली आणि निष्कर्ष पक्का झाला.

केर्न्सचा सहकारी हॉलबर्न पदार्थवैज्ञानिक. त्याने मेणाच्या कवटीत जिलेटिनचा मेंदू बसवला आणि कवटीला हिसके देऊन आत काय होते ते पाहिले. आपला मेंदू म्हणजे खरवसाची वडी समजा. डबा गर्रकन फिरवून थांबवला तर डबा शाबूत राहतो, वडी मात्र आतल्या आत चिरते. कवटी फुटली नाही म्हणजे माणूस बचावला असे नव्हे, ते यामुळे.

म्हणूनच नुसते कठीण कवच पुरत नाही. कोकणातला नारळ उंच माडावरून पडतो, पण सहसा फुटत नाही, कारण त्याच्याभोवती सोडण असते. तोच नारळ सोलून दगडावर आपटा! शिरस्त्राणाला ही सोडण मिळाली ती अमेरिकेत. स्वतः चिरडून दणका पिऊन टाकणाऱ्या अस्तराचे पेटंट चार्ल्स लोम्बार्डला १९५३ साली मिळाले. चिरडलेले अस्तर पुन्हा फुगत नाही. तेव्हा एकदा जोरात आपटलेले शिरस्त्राण वरून कितीही चकचकीत दिसो, ते टाकून द्यावे. धाकट्या भावाला देऊ नये.

सर्वसामान्य ब्रिटिश नागरिकाला सक्ती व्हायला मात्र १ जून १९७३ उजाडला. केर्न्स १९५२ सालीच वारला होता.

आपल्याकडे १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या १२९व्या कलमाने शिरस्त्राण आले, आणि त्याबरोबर भांडणही. पुण्यात जानेवारी २०१९ मध्ये सक्तीच्या निषेधार्थ लोक पुणेरी पगड्या घालून रस्त्यावर उतरले. पगडीचा हा उपयोग पेशव्यांनाही सुचला नसता. विरोधकांचे सगळेच म्हणणे मोडीत काढण्यासारखे नाही. उन्हात डोके उकडते, मान अवघडते, हे खरेच. पण ‘गावात वेग तो कितीसा?’ हा मुद्दा टिकत नाही. उभ्या गाडीवरून कोलमडणाऱ्या माणसाचे डोके सुमारे दीड मीटरवरून खाली येते आणि जमिनीला टेकते तेव्हा त्याचा वेग ताशी जवळजवळ २० किलोमीटर असतो. त्यासाठी गाडी पळावी लागत नाही. चौकात पोलीस दिसेपर्यंत शिरस्त्राण कोपराला अडकवून हिंडणारे वीर कोपराचे रक्षण करतात, एवढे त्यांच्या पदरात घालायला हरकत नाही.

आणि मागे बसणारीचे काय? नवऱ्याच्या डोक्यावर कवच, आणि एका बाजूला पाय सोडून बसलेल्या बायकोच्या डोक्यावर फक्त गजरा, हे दृश्य आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की त्यात कोणाला विसंगती दिसत नाही. कायद्याने असा भेद कधी केलेला नाही. चालवणारा आणि बसणारा, दोघांनाही त्याने एकच नियम लावला. २०१९च्या दुरुस्तीने चार वर्षांवरील प्रत्येकाचे नाव त्यात घातले. उरले चिमुकले. त्यांच्यासाठी २०२२ साली निराळा नियम निघाला : नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या मुलाला मापाचे शिरस्त्राण हवे, चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा पट्टा हवा, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. बाबांच्या पुढ्यात उभे राहून आरसा धरणारा बाळ त्या नियमाला ठाऊकच नाही. तो अजून प्रत्येक आळीत दिसतो.