बादशहाचा बाण, अंबरचे मस्तक

डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात एक मुघल लघुचित्र आहे. माशावर बैल, बैलावर पृथ्वीचा गोल आणि गोलावर उभा जहांगीर. समोर भाल्यावर खोचलेले मलिक अंबरचे मस्तक, त्यावर बसलेले घुबड, आणि बादशहाचा बाण त्या मस्तकावर रोखलेला. हे चित्र अबुल हसनचे, साधारण १६१६ सालचे.

असा प्रसंग कधी घडलाच नाही. अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभारी अंबर मुघलांच्या हाती लागला नाही. १६२६ मध्ये तो वारला तेव्हाही निजामशाहीचा कारभार त्याच्याच हातात होता.

चित्राची मुळे आहेत १६०० सालच्या अहमदनगरच्या पाडावात. किल्ला मुघलांकडे गेला, पण अंबरने निजामशाही घराण्यातला वारस गादीवर बसवून राज्य उभे ठेवले. मुघल फौजांची रसद तोडायची, रात्री छापे घालायचे, डोंगरात पसार व्हायचे, ही त्याची लढाई. १६१६ मध्ये जालन्याजवळ रोषणगावला मुघलांनी त्याला हरवले, त्याने वसवलेली खडकी उद्ध्वस्त केली. तरी तो पुन्हा उभा राहिला. रणात साधले नाही ते बादशहाने कागदावर साधून घेतले.

आणि वार केला तो रंगावर. काळा वर्ण, रात्र, घुबड अशी सांगड चित्रावरच्या फारसी ओळींतही आहे. ज्याच्या वर्णावर हा वार, तो अंबर इथिओपियात जन्मला आणि कोवळ्या वयात गुलाम म्हणून विकला गेला. अंबर हे नावही बगदादच्या मालकाने ठेवले. पुढे अहमदनगरचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. हा पेशवाही त्याच्यासारखाच मूळचा हबशी गुलाम. दख्खनच्या दरबारांत गुलामीतून सरदारकीकडे जाणारी वाट होती. म्हणून ‘गुलाम असूनही मोठा झाला’ हे आपले कौतुक मला अपुरे वाटते. त्या वाटेने त्याला वर आणले, पण ती वाट त्याने मोडली नाही: त्याच्याही फौजेत गुलाम म्हणून आणलेले हबशी होते. त्याचा गौरव करताना हे गाळले, तर त्या माणसांवर दुसऱ्यांदा अन्याय होतो.

जहांगीर आपल्या आठवणींत अंबरचे नाव शिव्याशापांशिवाय क्वचितच घेतो. त्याच्याच दरबारातल्या मुतमदखानाने मात्र अंबरच्या मृत्यूची नोंद करताना लिहिले, की युद्धात, हुकमतीत आणि कारभारात त्याला जोड नव्हती, आणि एखादा हबशी गुलाम एवढ्या पदाला पोचल्याचा दुसरा दाखला इतिहासात नाही.