शोपँच्या पियानोरचना : छापील प्रतींतील पाठभेद

पाठभेद हा शब्द उच्चारतांच आपल्यापुढें जुनी पोथी उभी राहते. एकानें नक्कल करावी, तिच्यावरून दुसऱ्यानें करावी आणि प्रत्येक हातीं एखादें अक्षर बदलावें, हा त्या शब्दामागील इतिहास होय. छापखाना आला आणि हा घोटाळा मिटला, असा आपला समज असतो. तो किती अपुरा आहे, हें फ्रेडरिक शोपँ याच्या पियानोरचनांवरून दिसून येतें.

शोपँच्या हयातींत निरनिराळ्या देशांतील ग्रंथस्वामित्वास एका कायद्याचें बंधन नव्हतें. बर्नचा आंतरराष्ट्रीय करार झाला तो १८८६ सालीं. एका देशांत छापलेली कृति दुसऱ्या देशांत कोणीही छापावी, अशी स्थिति होती. म्हणून शोपँ आपल्या बहुतेक रचना पॅरिस, लाइप्त्सिग आणि लंडन येथें सुमारें एकाच वेळीं प्रसिद्ध करवीत असे. परदेशीं कधीं त्याचें हस्तलिखित जाई, कधीं फोंटाना या मित्रानें केलेली नक्कल, तर कधीं पॅरिसचीं मुद्रितें. परिणामीं एकाच रचनेच्या तीन ‘पहिल्या’ आवृत्त्या निघाल्या आणि त्या परस्परांशीं जुळेनात. लय किती असावी, पेडल केव्हां दाबावें, कोणते स्वर एका कमानीखालीं जोडून वाजवावे, अशा वादनसूचनांत तर हे भेद पदोपदीं आढळतात.

त्यांतील कांहीं भेद कारागिराचे. संगीत त्या काळीं धातूच्या पत्र्यावर उलटें कोरून छापीत. त्यांत एखादा ठिपका अधिक पडणें अशक्य नव्हतें. १८४० सालीं निघालेल्या ऑपस ३५ या सोनाट्याच्या आरंभीं एक आखूड, संथ प्रस्तावना असून तिच्यामागून वेगवान भाग येतो. लाइप्त्सिगच्या आवृत्तींत पुनरावृत्तीचे ठिपके या वेगवान भागाच्या तोंडाशीं आहेत. पॅरिसच्या आवृत्तींत तेथें ते नाहींत. लाइप्त्सिगचे ठिपके ही चूक असून पुनरावृत्ति प्रस्तावनेपासूनच हवी, असें चार्ल्स रोझेन या पियानोवादक-अभ्यासकाचें प्रतिपादन आहे. दोन ठिपक्यांवर एका संपूर्ण भागाचा घाट अवलंबून आहे!

दुसरे भेद प्रकाशकाचे. लंडनच्या वेसेलनें ऑपस ९ मधील नॉक्टर्नना ‘सीन नदीची कुजबुज’ अशा अर्थाचें नांव परस्पर देऊन टाकलें. शोपँ अशा नांवांवर चिडत असे, आणि तें साहजिकच होतें; कारण शीर्षक हीही वादकाच्या मनाला केलेली सूचनाच असते.

तिसरे भेद मात्र खुद्द शोपँचे, आणि खरी अडचण येथेंच आहे. ऑपस १० मधील तिसऱ्या एट्यूडवर हस्तलिखितांत त्यानें ‘चपळ’ असें लिहिलें होतें. मग ‘फार नव्हे’ अशी पुस्ती जोडली. आणि १८३३ सालीं ती छापून निघाली तेव्हां शब्द होता ‘संथ, पण फार नव्हे’. सोबत आंकडा होता मात्रेला दोन याप्रमाणें मिनिटाला १०० ठोक्यांचा. आज अनेक वादक ती याहूनही पुष्कळ संथ वाजवितात. ऑपस २७ नंतर तर शोपँनें मेट्रोनोमचे आंकडे देणेंच सोडून दिलें. शिवाय शिष्यांच्या छापील प्रतींवर तो पेन्सिलीनें नवे फेरफार करी. जेन स्टर्लिंग या शिष्येच्या तशा प्रती पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत आहेत.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची संशोधित आवृत्ति १९६६ सालीं पूर्ण केली. तेथें मूळ प्रत हातीं नसल्यामुळें शेंकडों पोथ्या ताडून जुन्यांत जुना पाठ शोधावा लागला. शोपँच्या बाबतींत लेखकाचाच हात समोर आहे; पण त्या हातानें एकाहून अधिक उत्तरें दिलीं आहेत. यान एकियर यांच्या संपादनाखालीं पोलंडमध्यें २०१० सालीं पूर्ण झालेल्या राष्ट्रीय आवृत्तींतही म्हणून पर्यायी पाठ दिलेले आढळतात.

तात्पर्य, कारागिराची चूक दुरुस्त करावी, प्रकाशकाची भर वगळावी. परंतु रचनाकाराचे दोन विचार आढळले तर त्यांतील एक पुसून टाकण्याचा अधिकार संपादकाला नाहीं. ते दोन्ही वादकापुढें ठेवावे आणि निवड त्याच्या विवेकावर सोंपवावी, हेंच योग्य होय.