घोड्यांचा जुनाट नासास्राव

घोड्याचे नाक महिनाभर वाहत राहिले, की त्याला सर्दी म्हणणे सोडून द्यावे. साधा विषाणुसंसर्ग बहुधा दोन-तीन आठवड्यांत ओसरतो. त्यापुढे टिकणारा स्राव सायनस, दाढेचे मूळ, घशाजवळची हवापिशवी किंवा फुप्फुस यांपैकी कुठून तरी येत असतो.

सोलापूर जिल्ह्यात तर पहिली शंका ग्लँडर्सचीच घ्यावी. अकलूजच्या घोडेबाजारात परराज्यांतली जनावरे येतात. आषाढी वारीत अश्व रिंगणात धावतात आणि वारकरी त्यांच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. २००६ मध्ये महाराष्ट्रात या रोगाने पुन्हा डोके वर काढले होते. बर्खोल्डेरिया मॅलियाय या जिवाणूमुळे होणारा हा रोग माणसालाही होतो. चिकट पिवळट स्राव, नाकाच्या पडद्यावर व्रण, पायावर ओळीने गाठी दिसल्या, तर जनावर वेगळे बांधून पशुधन विकास अधिकाऱ्यांना कळवावे. रक्तजलाची तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. रोग निश्चित झाल्यास उपचार नाहीत, जनावराला दयामरण द्यावे लागते. मालकासाठी हे फार जड असते, पण लपवाछपवी माणसांच्या जिवावर बेतते.

ग्लँडर्स नसल्याची खात्री झाली, की उगम शोधायचा. दोन्ही नाकपुड्यांपुढे तळहात धरला, तर श्वासाचा जोर आणि वास कळतो. एकाच नाकपुडीतून दुर्गंधी पू येत असेल, तर वरच्या जबड्यातली मागची दाढ तपासावी. तिचे मूळ सायनसला लागून असते. डोळ्याखालच्या हाडावर बोटाने ठोकले असता पोकळ आवाजाऐवजी बद्द आवाज आला, तर आत पू साचला असावा. दोन्हीकडून स्राव आणि जबड्याखाली गाठ असेल, तर स्ट्रँगल्सचा संशय येतो. त्याचे जिवाणू हवापिशवीत महिनोन्‌महिने दडून राहतात. मधूनमधून रक्त येत असेल, तर विलंब नको. हवापिशवीतल्या बुरशीने धमनी पोखरली, तर घोडा पाहता पाहता दगावतो.

दुर्बिणीची तपासणी आणि डोक्याचा एक्स-रे यांनी निदान पक्के होते. नुसत्या प्रतिजैविकांनी स्राव थांबतो, औषध संपले की परत सुरू होतो. किडलेली दाढ काढावी लागते; सायनसला छिद्र पाडून तो सलाइनने धुवावा लागतो. कारण धुळीची अ‍ॅलर्जी असेल, तर धुळकट, बुरसटलेला कडबा बंद करून वैरण भिजवून द्यावी, तीही जमिनीवर. मान खाली राहिली, की साचलेला स्राव आपोआप निथळतो.