संगमरवरी पाटीपासून लोखंडी पेटीपर्यंत

आपल्याकडे न्यूकॅसलला पाहुणे आले की आपण त्यांना टाईन नदीवरचे पूल दाखवतो. नदीकाठानं थोडं पुढे गेलं की हेबर्न लागतं. तिथे मात्र कुणी कुणाला नेत नाही. माझ्यासारख्या, सगळी नोकरी कारखान्यांच्या विजेत काढलेल्या माणसाला ते तीर्थक्षेत्रच वाटतं!

सुरुवातीच्या वीजकेंद्रांतला स्विचबोर्ड म्हणजे संगमरवराची किंवा स्लेटची उभी पाटी, तिच्यावर तांब्याची उघडी पाती. दिसायला देखणा, पण पात्यांत वीज खेळत असायची आणि पाटीच्या मागे तर उघड्या पट्ट्यांचं जाळंच. स्लेटमध्ये धातूची शीर असली तर पाटीतूनही वीज झिरपायची. कामगाराला आधार कसला? पायाखाली चटई आणि ‘एक हात खिशात ठेव’ हा जुन्या लोकांचा सल्ला. पुण्यात एका कारखान्यात मी नवा लागलो तेव्हा आमच्या वायरमनकाकांनी मलाही तोच दिला होता. त्यांची दोन बोटं चालू लाइनवर फ्यूज बदलताना भाजून आखडली होती. दोष मात्र ते स्वतःलाच देत.

ब्रिटनमध्ये १९०८ साली कारखान्यांतल्या विजेसाठी नियम झाले. उघड्या वाहकांपुढची वाट कमी आणि मध्यम दाबासाठी किमान ३ फूट रुंद व ७ फूट उंच हवी, उच्च दाबासाठी साडेतीन आणि ८ फूट. म्हणजे माणसाला वावरायला जागा मिळाली. तांबं उघडंच राहू शकत होतं.

खरी उडी मारली ती हेन्री क्लोदिअर या इंजिनिअरनं. उच्च दाबाच्या स्विचगिअरची बांधणी कशी असावी यावर त्यानं १९०२ साली विद्युत अभियंत्यांच्या संस्थेपुढे निबंध वाचला. आल्फॉन्स रेरोल या फ्रेंच गृहस्थानं आपला कारखाना १९०१ मध्येच लंडनहून हेबर्नला हलवला होता. तिथे क्लोदिअरची कल्पना लोखंडात उतरली. बसबार बिडाच्या पेटीत, भोवती डांबरासारखा मसाला ओतलेला. स्विच गाड्यावर, दुरुस्तीसाठी तो सबंध बाहेर ओढायचा, आणि बंद केल्याशिवाय तो हलतच नाही! पुढे गाडा बाहेर आला की आतल्या तोंडांवर शटर पडू लागलं, त्याला कुलूप घालायची सोय झाली. कामगार दमलेला असो, नवखा असो, हात तांब्यापर्यंत पोचतच नाही. मला यात कारागिरीपेक्षा माणुसकी जास्त दिसते.

कायद्याला इतकं स्पष्ट बोलायला वेळ लागला. ब्रिटनचे १९८९ चे विद्युत नियम १ एप्रिल १९९० पासून लागू झाले. त्यातला १४ वा नियम सांगतो की चालू विजेजवळ, धोका होईल असं काम करायचं तर आधी वीज बंद ठेवणं का वाजवी नाही ते पटलं पाहिजे, चालू विजेवर काम करणं वाजवी ठरलं पाहिजे, शिवाय इजा टाळायची पुरेशी तजवीज हवी.

हा नियम मी मराठीत उतरवून काकांना पत्रानं कळवला. त्यांचं उत्तर आलं, ‘वाचून बरं वाटलं. पण मग तुमच्याकडे रात्रपाळीत मशीन बंद पडलं, तर सुपरवायझर गप्प बसतो का रे?’