स्टिअरिंगवरचा गिअर खाली घ्यायचा की नाही?

(भागाचं लेखी रूप. बोलण्याच्या ओघातली वाक्यं थोडी नीट केली आहेत, बाकी तसंच ठेवलंय.)

आजचा भाग जरा घरचा आहे, पण शेवटी आपण इतिहासातच जाणार आहोत, काळजी नको.

लोणारला आमच्या घरी एक फियाट आहे. १९७८ची प्रीमियर पद्मिनी. आजोबांनी घेतली, बाबा तिच्यावरच गाडी शिकले आणि गेली काही वर्षं ती ताडपत्रीखाली उभी होती. गेल्या दिवाळीत बाबा म्हणाले, "काढू या बाहेर." बॅटरी, प्लग, कार्बोरेटर, एवढं केल्यावर इंजिन चालू झालं. मग आम्ही सुलतानपूरच्या रस्त्याला निघालो. दुसऱ्यातून तिसरा टाकताना दांडी मधेच अडकली. ना पुढे, ना मागे. पाठीमागे ऊसाचा ट्रॅक्टर हॉर्न मारतोय. बाबा शांतपणे उतरले, बॉनेट उघडलं, आत हात घालून दोन लिव्हर हलवले, खट्‌ आवाज आला आणि परत येऊन बसले. म्हणाले, "पूर्वीपण असंच व्हायचं."

मिस्त्रींना दाखवलं, तर त्यांचं उत्तर तयार होतं. "भाऊ, हे वरचं खटलं काढून टाका. मारुतीचा बॉक्स बसते याले. गिअर खाली घेऊन देतो, कटकट मिटली."

मी सॉफ्टवेअरवाला. जुना कोड काढून नवा टाकायला माझे हात नेहमीच शिवशिवतात. पण काढायच्या आधी विचारावं लागतं, की हे मुळात असं का लिहिलं होतं? म्हणून शोधायला बसलो.

तर गोष्ट सुरू होते अमेरिकेत, १९३०च्या दशकाच्या शेवटी. तोपर्यंत गिअरची लांब दांडी गाडीच्या तळातून वर यायची आणि पुढच्या सीटच्या बरोब्बर मधे उभी असायची. अमेरिकी कंपन्यांनी ती उचलून स्टिअरिंगच्या दांड्याला लावली. फायदा साधा होता: पुढे सलग बाकासारखी सीट आणि तिथे तीन माणसं. पुढची काही वर्षं जगभर हीच फॅशन झाली. इटलीत १९५३ साली फियाटची नवी ११०० आली, तिचाही गिअर स्टिअरिंगवर होता.

आता मुंबईत येऊ. वालचंद हिराचंद, आपले सोलापूरचे. जहाजं, विमानं, साखर आणि मोटारी, सगळ्यात हात घातलेला माणूस. त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कारखाना कुर्ल्याला. आधी क्रायस्लरशी करार होता, मग फियाटशी झाला, आणि १९५४पासून ११०० कुर्ल्यात बनायला लागली. १९६०च्या दशकात तिची ११०० डिलाइट झाली, नंतर प्रीमियर प्रेसिडेंट, आणि १९७४ साली चितोडच्या राणीचं नाव मिळालं: पद्मिनी. इंजिन १०८९ सीसी, चार गिअर, दांडी स्टिअरिंगवर.

आणि इथे मला गंमत वाटली. खुद्द इटलीत फियाटने १९६६ साली ११०० आर काढली, तेव्हा गिअर परत खाली आणला. म्हणजे ज्यांनी गाडी बनवली त्यांनी तो बदल केला आणि आपल्याकडे ती दांडी अजून तीस वर्षं वरच राहिली. कारण? लायसन्स-परमिटचा काळ. उत्पादन किती करायचं हे सरकार ठरवणार, आयात जवळपास बंद, बुकिंग करून लोक वर्षानुवर्षं थांबणार. बनेल ती गाडी विकली जाते म्हटल्यावर गिअर हलवायचे कष्ट कोण घेणार?

पण फक्त आळस म्हणूनही चालणार नाही. आपल्या घरांना ती बाकाची सीट हवीच होती. आमच्याच गाडीत पुढे आजोबा, आजी आणि मधे शाळकरी बाबा, मागे आत्या, काका आणि डबे. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांचंही हेच गणित.

मग डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० आली. गिअर खाली, पुढे दोन वेगळ्या सीटा. १९८५ला प्रीमियरनेच ११८ एनई काढली, तिचाही गिअर खाली. अँबेसेडरला इसुझूचं इंजिन मिळालं तेव्हा तिचाही उतरला. आणि शेवटी-शेवटी पद्मिनीच्या एस-वन आवृत्तीतही तो खालीच आला. २०००च्या आसपास पद्मिनी बंद झाली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली नोंदलेली होती; वीस वर्षांच्या नियमाने ऑक्टोबर २०२३मध्ये तीही रस्त्यावरून गेली.

आता अडकतं काय ते सांगतो. वरच्या दांडीचं काम लांबच्या निरोपासारखं आहे. हात हलला की स्टिअरिंगच्या बाजूने जाणारा रॉड हलतो, त्याला खाली लिव्हर, त्यांना जोडलेल्या सळ्या, आणि त्या गिअरबॉक्सपर्यंत. प्रत्येक सांध्यात बुश. प्रत्येक बुश थोडा झिजला, की सगळ्यांचा ढिलेपणा एकत्र होतो आणि बॉक्सला अर्धवट निरोप पोचतो. एक गिअर पूर्ण सुटलेला नाही, तोवर दुसरा धरायला जातो. म्हणजे बॉक्स ठीक आहे. दोष मधल्या सांध्यांत आहे!

आणि मिस्त्री सांगत होते तो उपाय? त्यात नुसती दांडी बदलत नाही. बॉक्स बदलला की इंजिनशी जोडायला मधे प्लेट बनवा, क्लच जुळवा, मागचा प्रॉपेलर शाफ्ट कापून लांबी बसवा, आणि दांडी वर यायला गाडीचा पत्रा कापा. रोज चालवायची गाडी असेल तर हे करणाऱ्याला मी चुकीचं म्हणणार नाही.

पण पत्रा कापला की परतीचा रस्ता नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ गाडीत परस्पर फेरफार करू देत नाही. आणि २०२१च्या केंद्राच्या नियमांनुसार ५० वर्षं झालेली, मूळ रूपात जपलेली, चासी-बॉडी-इंजिनात मोठे बदल नसलेली गाडीच 'विंटेज' म्हणून नोंदता येते. आमची २०२८ला पन्नाशीत जाईल. अर्थात विंटेज नोंद झाली की ती रोजच्या वापराला काढता येत नाही, हेही खरं.

बाबांना हे सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "गिअर खाली गेला तर माझा हात वरच जाईल रे."

तिथे विषय संपला. मी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर गेलो. जिथे ही गाडी जन्मली, तिथेच आता तिचे सुटे भाग शोधायचे. दोन दुकानांत नाही म्हणाले, तिसऱ्याने डब्यातून बुशचा सेट काढला आणि एक जुना पण सरळ रॉडही दिला. लोणारला मिस्त्रींनी आधी नाक मुरडलं, मग दिवसभर गाडीखाली झोपून सगळे सांधे बदलले, सळ्यांची लांबी जुळवली. संध्याकाळी त्यांनीच पहिली चक्कर मारली. परत आले आणि म्हणाले, "लोण्यावानी पडते."

मागच्या महिन्यात आम्ही मेहकरला जाऊन आलो. जातायेता बॉनेट एकदाही उघडलं नाही. मी चालवायला मागितली, तर रिव्हर्स टाकताना माझा हात सवयीने खाली गेला आणि सीट चाचपून परत आला. बाबा हसले. दांडीवर माझा हात ठेवून त्यांनी रिव्हर्स कुठे आहे ते दाखवलं, आजोबांनी त्यांना दाखवलं असेल तसंच.

तुमच्या घरी अशी दांडीवाली फियाट किंवा अँबेसेडर होती का? गिअर खाली घेतला होता, की वरच ठेवला? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.