‘साक्ष देणं’ म्हणजे काय? रेव्हरंड टिळकांच्या घरातली गोष्ट

मराठी ख्रिस्ती मंडळींमध्ये ‘साक्ष’ हा शब्द वारंवार कानावर येतो. कोर्टातल्या साक्षीसारखंच इथेही माणूस स्वतः अनुभवलेलं सांगतो. ख्रिस्तामुळे आपल्या आयुष्यात काय बदललं, हे उपासनेत उभं राहून सांगणं ही साक्ष. त्याप्रमाणे घरात, कामावर, शेजाऱ्यांशी वागणं हीसुद्धा साक्षच, आणि खरी कसोटी इथेच लागते.

ही कसोटी मराठीत सर्वांत मोकळेपणाने नोंदली गेली ती रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या घरात. (लोकमान्य टिळक वेगळे. हे ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून ओळखले जाणारे टिळक.)

कोकणातल्या चित्पावन कुटुंबात १८६१ साली जन्मलेल्या टिळकांना रेल्वेच्या प्रवासात एका सहप्रवाशाने बायबलमधला ‘नवा करार’ भेट दिला. त्यातल्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांना पकडून ठेवलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पत्नी लक्ष्मीबाईंना याची आधी कल्पना नव्हती. बातमी आली तेव्हा त्या नातेवाईकांकडे होत्या, पदरी लहान मुलगा होता. त्या काळी ब्राह्मण बाईसाठी नवऱ्याचं धर्मांतर म्हणजे जवळजवळ वैधव्यच. पुढची काही वर्षं दोघं वेगळे राहिले. पुन्हा एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंनी आपलं सोवळं-ओवळं सोडलं नाही. एका छपराखाली दोन धर्म नांदू लागले.

दुसऱ्यांना ख्रिस्त सांगणाऱ्या माणसाला घरातच पटवता येत नव्हतं. टिळक स्वभावाने तापट आणि लहरी होते. पण या बाबतीत त्यांनी पत्नीवर सक्ती केली नाही, आणि हे विशेष आहे. राहुरीला असताना लक्ष्मीबाईंनी स्वतःच विचार केला की जाती देवाने नाही, माणसाने केल्या. त्यानंतर त्यांनी शिवाशिव सोडली. बाप्तिस्मा आला तो त्यानंतर, १९०० साली. म्हणजे त्यांच्यासाठी आधी वागणं बदललं, धर्माचं नाव मागाहून लागलं.

हे सगळं लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात लिहिलं. त्यात नवऱ्याला कुठेही संत केलेलं नाही. त्याचे राग, न सांगता घरातून निघून जाणं, पैशांबाबतचा बेफिकीरपणा, सगळं हसत-चिडत येतं. घरात मात्र निराधार मुलांना आणि आल्यागेल्याला नेहमी जागा होती, आणि तो पसारा सांभाळत होत्या लक्ष्मीबाई. टिळकांच्या साक्षीचा अर्धा भार त्यांनी उचलला, असं म्हणायला हरकत नाही.

सांगण्याच्या पद्धतीतही टिळकांनी वेगळी वाट धरली. परदेशी चालींवर बसवलेल्या भाषांतरित गीतांवर त्यांचं समाधान नव्हतं. ओवी, अभंग, भजन, कीर्तन हेच मराठी माणसाच्या भक्तीचे मार्ग, तर ख्रिस्तभक्तीही त्यातूनच यावी, असं त्यांचं म्हणणं. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत पोचलो, असं ते सांगत.

१९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त तिथे एकत्र यावेत, ही कल्पना. चर्चमधल्या अनेकांना ती पचणं कठीण होतं, कारण बाप्तिस्म्याशिवाय ख्रिस्ती कसा, हा प्रश्न साधा नाही. प्रयोग रुजायला वेळच मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी टिळकांचं निधन झालं.

त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य तेव्हा अपुरंच होतं. शाळेत कधीही न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे लिहायला घेतलं. टिळकांची भजनं आजही मराठी चर्चमध्ये रविवारच्या उपासनेत गायली जातात.